दहावी पास? मग तुमचे तुम्ही बघा

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी, म्हणजे परदेशी कुशल कामगारांच्या, व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावल्याची बातमी आली आणि आपल्याकडे दोन दिवसांत दोन फळ्या उभ्या राहिल्या. एकीला आनंद झाला: बरे झाले, आता तरी आमच्या पैशांवर शिकलेली पोरे देशात राहतील. दुसरी चवताळली: राहून करायचे काय, इथे ठेवलंय काय? पुढे खुलासा झाला की हे शुल्क मुख्यतः अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या माणसांसाठी आहे. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही. पण तोवर वाद इतका रंगला होता की खुलाशाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी हा तमाशा होतो. कधी कॅनडा निमित्त पुरवतो, कधी ब्रिटन.

माझे म्हणणे असे की या दोन्ही फळ्या एका चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. पदवी हातात पडलेल्या मुलाने किंवा मुलीने परदेशात काम शोधावे की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो ते आपल्याला न विचारता सोडवतात. आपण सर्वांनी मिळून विचार करावा असा प्रश्न दुसराच आहे: हा शोध फसला तर भुर्दंड कोणी भरायचा? आज तो सगळाच्या सगळा घरावर पडतो. जो मुळात काम शोधायला निघाला आहे त्याला आपण कागदोपत्री ‘विद्यार्थी’ म्हणतो आणि त्या एका शब्दाच्या आडून कायदा, बँक आणि सरकार तिघेही अंग काढून घेतात.

हे मी लांबून बोलत नाही. निवृत्त होईपर्यंत मी बँकेत होतो आणि जिल्ह्याच्या गावातल्या एका शाखेत बरीच वर्षे शैक्षणिक कर्जांचे काम माझ्या टेबलावर होते. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र, फीचा तक्ता, वडिलांचा फॉर्म सोळा, घराचे कागद अशी फाइल यायची. शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही, कारण कर्ज थकले तर सरफेसी कायद्याखाली बँकेला तिला हात लावता येत नाही; म्हणून शेतकरी बापही राहते घर लिहून द्यायचा. नोकरीच्या शक्यतेचा एक रकाना फॉर्ममध्ये होता. त्यात आम्ही सगळे वर्षानुवर्षे एकच शब्द लिहीत आलो: ‘उत्तम’. मीही लिहिला आहे. कोणत्या शहरात, कोणत्या कामात, किती पगारावर, हे मी कधी विचारले नाही, आणि विचारले असते तर समोरच्याला सांगता आले नसते.

आता साधा हिशेब करू. चाळीस लाखांचे कर्ज, व्याज साडेदहा टक्के, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर उमेदवारीचे एक वर्ष, जेव्हा हप्ता नाही पण व्याज चढत असते. परतफेड सुरू होते तेव्हा डोक्यावर पन्नास लाख झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीने महिना हप्ता येतो जवळपास अडुसष्ट हजार. अमेरिकेत नोकरी लागली तर हे सातशे-आठशे डॉलर, चार जणांत खोली घेऊन राहणारा मुलगा दोन-तीन वर्षांत बराचसा फेडून टाकतो. आणि नोकरी न लागता परत आला तर? पुण्यात तीस-पस्तीस हजारांवर सुरुवात करणाऱ्याचा अख्खा पगार दुप्पट केला तरी हप्ता जेमतेम भागतो. म्हणजे कर्ज रुपयांत असले तरी फेड डॉलरमध्येच शक्य आहे. असे कर्ज घेणाऱ्याला शिक्षण विकत घेणारा म्हणायचे की परदेशातल्या नोकरीवर घर लावणारा?

आकडाही तेच सांगतो. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत भारतीय विद्यार्थी ३,६३,०१९ होते, असे तिथला वार्षिक अहवाल म्हणतो. त्यातले १,४३,७४० ‘ओपीटी’वर, म्हणजे अभ्यास संपवून विद्यार्थी व्हिसावरच काम करणारे किंवा शोधणारे. दहांतले चार. ही मुले विद्यार्थी म्हणून मोजली जातात, पण त्यांचे घड्याळ कामगाराचे आहे: ओपीटीवर एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहायची मुभा नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला मुदत वाढवून मिळाली की ती मर्यादा दीडशे दिवस होते. त्यापुढे एच-वन-बीची सोडत, वर्षाला पंचाऐंशी हजार जागा.

आता पहिल्या फळीचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. सार्वजनिक पैशाने शिकलेल्याचे समाजाला देणे लागते, हे मला मान्य आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका जागेवर करदात्याचा किती पैसा खर्च होतो हे पाहिले, तर महाराष्ट्रात एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सेवेचा बाँड असतो तो गैर वाटत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत, अमेरिकेने १९६५ चा कायदा करून दार उघडले तेव्हा, डॉक्टर आणि इंजिनिअर रांगेने गेले, आणि जगदीश भगवतींसारख्या अर्थतज्ज्ञाने अशा स्थलांतरितांवर कर बसवावा अशी सूचना मांडली, ती काही चेष्टा म्हणून नव्हे. पण आजच्या गर्दीत हा मुद्दा कितीसा लागू पडतो? आपल्या राज्यात अभियांत्रिकीच्या बहुसंख्य जागा खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत आहेत. तिथली फी बापाने भरली, क्लासची बापाने भरली, वसतिगृहाची बापाने भरली. ‘आमच्या पैशांवर’ म्हणणाऱ्याने आपला पैसा नेमका कुठे लागला ते एकदा दाखवावे.

आणि जिथे पैसा खरोखर सार्वजनिक होता, तिथला आपला इतिहास काय सांगतो? १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते करार करूनच: परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते आले, बडोद्यात रुजू झाले. शब्द पाळला तो विद्यार्थ्याने. बडोद्याने त्यांना राहायला खोली दिली नाही. कार्यालयात शिपाई फाइल लांबून टाकत आणि पारशी सरायीत नाव लपवून घेतलेली जागा लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने सोडायला लावली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला माणूस त्या दिवशी बडोद्याच्या बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत होता. बाँड एका बाजूने लिहिता येत नाही, एवढे यातून कळायला हरकत नसावी. आज परतणाऱ्याची अडचण त्या जातीची नाही, आणि ती त्या मापाने मोजूही नये. पण त्याच्यापुढे इथे काय आहे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत: लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१. अर्थात निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो, त्यामुळे हा आकडा जरा जपून वाचला पाहिजे. तरी ज्या देशात पदवीने वाट पाहण्याची मुदत तेवढी वाढते, त्याने पदवीधराला निष्ठेचे धडे देताना आवाज थोडा खाली ठेवावा.

दुसऱ्या फळीचा मुद्दा जास्त चतुर आहे. ही सज्ञान माणसे आहेत, इंग्रजी वाचतात, मोबाइलवर जग बघतात, स्वखुशीने जातात. यात सरकारने नाक खुपसायचे कारण काय? शिवाय फायदाही दिसतोच. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये बाहेरून देशात आलेल्या ११८.७ अब्ज डॉलरपैकी सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता, केरळसुद्धा १९.७ वर, मागे. कोकणाने पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चुली पेटवल्या, तेव्हा जाणाऱ्याला नावे ठेवायची सोय आपल्याला नाहीच.

हे सगळे खरे धरून मी ‘स्वखुशी’ या शब्दापाशी थांबतो. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात गिरमिट, म्हणजे करार करून मजूर परदेशी मळ्यांवर नेण्याची, पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा सरकारी बाजू हेच म्हणत होती: मजूर राजीखुशीने अंगठा देतात, मॅजिस्ट्रेटसमोर देतात, आणि तिकडे इकडच्यापेक्षा जास्त कमावतात. गोखल्यांचे उत्तर सरळ होते. कुठे जायचे, काय करायचे, करार मोडला तर काय शिक्षा, हे ज्याला धड सांगितलेले नाही, त्याच्या संमतीला संमती म्हणता येत नाही. ठराव पडला, पद्धत थांबली ती पाच वर्षांनी. विमानात बसून मास्टर्सला जाणाऱ्या मुलाची गिरमिटियाशी तुलना करणे म्हणजे त्या माणसांच्या यातनांचा अपमान होईल. साम्य एकाच टाक्याएवढे आहे: अटी कोणी सांगितल्या, आणि सांगणाऱ्याचे पोट कशावर भरते?

गावोगावच्या ‘मोफत समुपदेशन’ केंद्रांचे पोट बहुतेक वेळा विद्यापीठाच्या कमिशनवर भरते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तर ही उघड रीत आहे. प्रवेश झाला की दलाली मिळाली. पुढे नोकरी लागली की नाही याच्याशी केंद्राचा काडीचा संबंध नाही. मोफत सल्ला देणाऱ्याने तुम्हाला ‘यंदा थांब, आधी दोन वर्षे इथे काम कर’ असे का सांगावे? घराची दलाली करणाऱ्यालाही आपण महारेरात नोंदणी करायला लावतो. चाळीस लाखांचे प्रवेशपत्र विकणाऱ्याला दोन खुर्च्या, एक नकाशा आणि भिंतीवर व्हिसा हातात धरलेल्या मुलांचे फोटो पुरतात.

आणि अटी मधेच बदलतात, त्याचे काय? ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ ला शिकायला गेलेल्याने घरी हिशेब मांडला तेव्हा कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला २६,२०० पौंड होती. एप्रिल २०२४ मध्ये ती ३८,७०० झाली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००. नवख्यांना त्यात काही सवलत आहे, पण पायरी उंच झाली ती झालीच. शिक्षणानंतर काम शोधायला मिळणारी दोन वर्षेही २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांसाठी दीड वर्षावर येणार. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि निर्वाहासाठी दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ वर नेली. आपले नियम बदलणे हा त्या देशांचा हक्क आहे. पण खेळ चालू असताना गोलपोस्ट हलणार हे माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस एकाच रकमेची पैज लावत नाहीत.

यावर आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, आणि तो मुळात वाईट नाही. दहावी न झालेला गवंडी आखातात निघाला तर त्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट असते; आखातासह १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते, नेणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो, त्याने तीस हजार रुपये आणि जीएसटीहून जास्त घ्यायचे नाहीत, आणि मजुराचा दहा लाखांचा विमा पावणेतीनशे रुपयांत दोन वर्षांसाठी उतरवावा लागतो. दहावीची परीक्षा पास झाली की मंजुरीचे आणि सक्तीच्या विम्याचे हे छत्र उडते. शिकलास ना, आता तुझे तू बघ. हा भेद घातला तेव्हा तो समजण्यासारखा होता. दहावी पास माणूस करार वाचू शकेल असे तेव्हाच्या लोकांना वाटले असावे. आज?

म्यानमारमधल्या म्यावड्डीचे उदाहरण घ्या. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’, ‘डिजिटल मार्केटिंग’ अशा नोकऱ्या दाखवून संगणक येणाऱ्या मुलांना म्यानमारच्या सीमेवरच्या ऑनलाइन फसवणुकीच्या कोठारांत डांबले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. आता गंमत पाहा, गंमत म्हणावी तर. थायलंड त्या अठरा देशांच्या यादीत आहे. दहावी नापास सुतार तिथे कामाला निघाला असता तर विमानतळावर त्याला कोणीतरी ‘मंजुरी कुठे आहे’ म्हणून अडवले असते. बीसीए झालेला मुलगा पर्यटक व्हिसावर सरळ निघून गेला.

नोंदणीने सगळे सुटेल असे मी म्हणत नाही. आखाताचे एजंट तीस हजारांच्या वर किती आणि कसे घेतात हे ज्याला माहीत नाही त्याने एखाद्या परतलेल्या फिटरला विचारावे. पंजाबने तर २०१२ मध्येच एजंट, सल्लागार आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लासवाले या सगळ्यांना परवान्याखाली आणणारा कायदा केला, आणि तरी २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण उघडकीला आले ते प्रामुख्याने पंजाबच्याच मुलांचे. परवाना भिंतीवर टांगून ठगणारेही असतात. तरीसुद्धा परवान्याने एक होते: तक्रार कुठे करायची ते ठरते. आमच्या शाखेत डोळ्यांत पाणी आणून बसलेल्या बापांना ते सांगता येत नव्हते.

परवान्यापेक्षा मला केरळचा मार्ग जास्त पटतो. तिथे सरकारने १९७७ मध्ये स्वतःच परदेशी नोकरभरतीची कंपनी काढली, १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी वेगळा विभाग उघडला, आणि २०२१ मध्ये जर्मनीच्या सरकारी यंत्रणेशी थेट करार करून परिचारिका पाठवायला सुरुवात केली. त्यात भाषेच्या शिक्षणाचा खर्च उमेदवाराच्या माथी येत नाही. सरकारी खिडकी हळू चालते, माणसे वैतागतात, सगळे खरे. पण दलालाशेजारी एक पगारी कारकून बसवला की दलालाला निदान भाव सांगताना आवंढा गिळावा लागतो. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार जणांची भाषा झाली. तो करार परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशांसाठी आहे, आणि हेच त्यातले शहाणपण. पण त्यामुळे बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्या, आणि साधारण महाविद्यालयातून इंजिनिअर झालेल्या मुलाला सरकारची कुठलीच खिडकी उरत नाही. तो समुपदेशन केंद्रातच जाणार.

त्या मानाने जर्मनीचे ‘चान्सनकार्टे’ मला प्रामाणिक वाटते. जून २०२४ पासून सुरू झालेला हा परवाना सरळ सांगतो: तू काम शोधायला आला आहेस. वर्षभर राहण्यापुरते पैसे दाखव, तोवर आठवड्याला वीस तास अर्धवेळ काम कर, वर्षात जमले नाही तर परत जा. वर्षाचा हा निर्वाह आपल्या हिशेबाने तेरा लाखांच्या आसपास जातो. रक्कम लहान नाही, पण ती तुमचीच, तुमच्याच खात्यात असते, आणि न जमल्यास घर गमवावे लागत नाही. आपल्याकडे मात्र हाच परवाना ‘जर्मनीत हमखास नोकरी’ म्हणून विकला जातो आणि त्यासाठी चालणारी ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीची जर्मन पंधरा दिवसांत शिकवून मिळते म्हणे.

शोधाचा काळ स्वस्त करणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, जहाजावर नोकरी शोधायला मुंबईत यायचे तेव्हा धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, उतरायचे. भिंतीला लागून आपली पेटी, महिन्याला अगदी थोडी वर्गणी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून लादाईन, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना, म्हणायची, आणि कुठल्या कंपनीत भरती आहे, कुठला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, पैसे खातो, याची खरी बातमी परतलेल्या माणसाकडून मिळायची. गिरणगावात कोकणातल्या गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, खानावळवाली महिनाभर उधारीवर जेवू घालायची. त्या खोल्यांत ढेकूण होते, भांडणे होती, सारंगांची दादागिरी होती. मला त्या काळाचे उमाळे येत नाहीत. पण काम मिळेपर्यंत माणूस कर्जात बुडू नये एवढी अक्कल त्या व्यवस्थेत होती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. ढोलताशा पथके जोरात आहेत. नव्वद दिवसांचे घड्याळ ज्याच्या मागे लागले आहे अशा पोरासाठी तिथल्या किती मंडळांकडे एखादी खोली आहे? काही ठिकाणी लोक वैयक्तिक मदत करतात, मनापासून करतात, हे मी ऐकून आहे. कुड मात्र वैयक्तिक चांगुलपणावर चालत नव्हता, वर्गणीवर चालत होता.

१९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सूचनांसाठी खुला केला. विद्यार्थी म्हणून जाऊन कामगार होणाऱ्याची जागा त्यात कुठे आहे यावर भांडायला हवे होते. आपण एक लाख डॉलरवर भांडत बसलो. कायद्याला वेळ लागेल. बँकेला लागू नये. शैक्षणिक कर्जाच्या फॉर्ममध्ये सहकर्जदाराची, म्हणजे बहुतेक वेळा बापाची, सही शेवटच्या पानावर असते. त्या सहीच्या वर तीन ओळी छापाव्यात: या प्रवेशात सल्लागाराला किती कमिशन मिळाले; परतफेड सुरू होईल तेव्हा हप्ता किती असेल; आणि मुलाला पुण्यात तीस हजारांची नोकरी लागली तर त्या हप्त्यातले किती रुपये तुम्ही भराल. तिसऱ्या ओळीपुढची जागा मोकळी ठेवावी. ती मॅनेजरने भरायची नाही, बापाने स्वतःच्या अक्षरात भरायची.